पेन घासू नका, पाणी बदला

शाईच्या पेनाला गंज लागला की तेल्हाऱ्यात वैद्यांना तोटा नसतो. लिंबू-मीठ लावा, चिंचेच्या कोळात बुडवा, टूथपेस्टनं घासा, रॉकेलात रात्रभर टाका. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "काही नाही भाऊ, कोरा करकरीत होते." सांगणारा इतका ठाम असतो की ऐकणाऱ्याला उलट विचारायची लाज वाटावी. ती लाज मी सोडली आहे. लोक दुरुस्तीसाठी म्हणून जे धातूचे पेन माझ्यापुढे आणून टाकतात, त्यांतल्या पुष्कळांचा जीव गंजानं घेतलेला नसतो, गंजावरच्या या उपायांनी घेतलेला असतो.

लिंबू-मिठाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा पुरावा भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. घरातला पितळी लोटा, समई, देवाची घंटा. काळपट पितळेवर लिंबाची फोड फिरवली की बघता बघता पिवळंधमक. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं आणि लोटा शाबूत आहे. मग पेनाचं पितळ काय आभाळातून पडलं?

नाही पडलं. पितळ तेच, तांब्या-जस्ताचं. फरक जाडीचा आहे. लिंबातलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि जाताना थोडा धातूही सोबत नेतं. लोट्याची भिंत चांगली जाड असते. दर दिवाळीला जराशी झिजली तरी पणतवंडांना पुरते. पेनाचं टोपण म्हणजे पितळेचा पातळ पत्रा, त्यावर निकेल आणि निकेलवर सोन्याचा किंवा क्रोमचा मुलामा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर स्वस्त पेनावरचं सोनं त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही नसतं. घासताना गंज निघतोय की मुलामा, हे डोळ्यांना कळत नाही. फडकं दोन्ही वेळी काळंच होतं.

आणि ज्या स्वयंपाकघराचा दाखला दिला जातो, त्याच स्वयंपाकघरात ताक किंवा कढी बिनकल्हईच्या पातेल्यात कोणी ठेवत नसे. कळकेल म्हणून. कल्हईवाला दारात यायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कथलाचा हात फिरवायचा. मुलामा ही पेनाची कल्हई आहे. कल्हई केलेलं पातेलं आतून लिंबू-मीठ लावून खसाखसा घासणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

मुलाम्याला एकदा भोक पडलं की प्रकरण आणखी बिघडतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्यावर खारट ओलावा, म्हणजे लहानशी बॅटरी तयार झाली. या बॅटरीत खालचं पितळ झिजतं आणि वरचं सोनं मजेत राहतं. भोक टाचणीच्या टोकाएवढं आणि सोनं टोपणभर. सगळा मार त्या टोकावर बसतो. अशा जागी लिंबू-मीठ चोळणं म्हणजे आम्लही पुरवलं आणि मीठही. चार दिवस चकाकी राहते. मग त्याच जागी फोड येते, पहिल्यापेक्षा मोठी. मग पुन्हा लिंबू.

दुसरा गट स्टीलवाल्यांचा. यांचं म्हणणं, "स्टीलले कायचा गंज?" निब स्टेनलेसची, टोपण स्टेनलेसचं, त्यामुळे पाण्यात टाका नाहीतर ब्लीचमध्ये, काही होत नाही. हा भाबडेपणा समजण्यासारखा आहे, कारण घरातल्या ताट-वाट्या खरंच गंजत नाहीत. पण स्टेनलेस स्टीलमध्ये जादू नाही. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं ज्या पोलादाकडे जगाचं लक्ष वेधलं, त्याचं सगळं बळ क्रोमियममध्ये आहे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर पोलादाच्या अंगावर हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्यानं क्रोमियम ऑक्साइडचं एक अतिपातळ कवच तयार होतं. ओरखडा पडला तर ते पुन्हा धरतं. भांड्यांच्या स्टीलवर १८/८ असं लिहिलेलं असतं ते याच हिशेबानं: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. मात्र या कवचाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक क्लोराइड, म्हणजे मिठातला मुख्य गुन्हेगार. दुसरी, हवा न पोचणारी फट.

आता निब कुठे बसलेली असते ते बघा. ती जिभलीला, म्हणजे शाई पुरवणाऱ्या खालच्या तुकड्याला, घट्ट चिकटून असते, मध्ये केसभर फट, फटीत कायम ओल. जुन्या पेनाची निब हलक्या हातानं ओढून काढा आणि पालथी करून घड्याळजीच्या भिंगाखाली धरा. वरून आरशासारखी लखलखीत निब खालून वेगळीच दिसते. जिभलीची कड जिथे टेकत होती तिथे तपकिरी चंद्रकोर उमटलेली असते आणि तिच्या काठाकाठानं काळे टिपके. सुईनं टोचावं तसे. त्यांतले काही टिपके आरपार गेलेले असतात. बाहेरून घासणाऱ्याला ही जागा कधी दिसतच नाही. तो आपला वरची चकाकी बघून समाधानानं पेन खिशाला लावतो.

तिसरा आरोप शाईवर. शाईच वाईट, भेसळीची, तेजाबाची. यात अर्धं खरं आहे आणि तेवढं अर्धं मान्य करायला हवं. हिराकस आणि मायफळ यांची जुनी लोहशाई आम्लधर्मी असते. ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांसाठी ती वापरली गेली, कारण कागदावर ती काळी होत जाते आणि पुसली जात नाही. टाकाच्या साध्या पोलादी निबा अशा शाईत बघता बघता सडत. पेनात सोन्याची निब आली ती केवळ श्रीमंती मिरवायला आली नाही. शाईच्या आम्लाला सोनं दाद देत नाही, हे तिचं खरं काम होतं. पण आज तेल्हाऱ्याच्या दुकानात मिळणारी निळी शाई ही लोहशाई नव्हे. ती पाण्यात विरघळलेला रंग आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली; त्या कॅम्लिनच्या शाईवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या उत्तरपत्रिका लिहून झाल्या. शाई एवढी घातक असती तर पेन सगळ्यांत आधी आतून गेला असता.

पण आधी काय जातं? क्लिप. टोपणावरची क्लिप, जिचा शाईशी आयुष्यात संबंध येत नाही. तीही टोकाला आणि मुळाशी, जिथे ती टोपणात घुसते. याचं उत्तर खिशात आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सदरा छातीला चिकटतो, घाम सुकतो, पुन्हा ओला होतो. घामात मीठ असतं हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ नको. काळ्या सदऱ्यावरच्या पांढऱ्या रेघा कोणीही बघितल्या आहेत. क्लिपच्या मुळाशी तेच मीठ रोज साचतं. शाईला फाशी देण्याआधी निदान साक्षीपुरावा तपासावा.

आणि आता मुख्य आरोपी. त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण तो आपल्या नळातून येतो.

तेल्हारा सातपुड्याच्या पायथ्याला. तालुक्याचा उत्तरेचा भाग डोंगराकडे, दक्षिणेचा उतार पूर्णेकडे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा इथे सगळ्यांना माहीत आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर; तरीही १९३० च्या मीठ सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला. ज्या जमिनीखालच्या पाण्यातून सत्याग्रहाचं मीठ निघालं, त्याचीच भावंडं आपल्या बोअरमध्ये आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ही सवलतही ओलांडतात.

शहराला वान नदीचं गोडं पाणी येतं हे खरं. वारी भैरवगडच्या धरणाचं पाणी चांगलंच आहे. पण ते जपून वापरायचं, पिण्या-रांधण्याला. धुणं-भांडी, अंगण, कूलर यांना बोअर. आणि पेन धुवायची वेळ आली की माणूस हमखास बोअरच्या नळाखाली धरतो. चांगला खळखळून धुतो, दोन झटके देतो आणि ओल्या पेनावर टोपण लावून ठेवून देतो. आपण पेनाची निगा राखली, असं त्याला मनापासून वाटतं. टोपणाच्या आत पाणी उडून जातं, मीठ राहतं. पुढच्या धुण्यात आणखी थोडं. मग जुलैची दमट हवा लागली की ते मीठ ओल ओढून घेतं आणि काम सुरू करतं.

खरं वाटत नसेल त्यानं खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर बोअरच्या पाण्याचे थेंब टाकावेत, शेजारी आरओच्या कॅनमधले, आणि वाळू द्यावेत. एक जागा जवळजवळ साफ राहील. दुसरीवर पांढरं कडं उठेल, नखानं खरवडता येईल असं. हेच कडं पेनाच्या टोपणात, जिथे निबेचं टोक येतं त्या उंचीवर, बॅटरीचा उजेड पाडून बघा. कूलरच्या टाक्या काही हंगामांत का गळतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच पाण्यानं पेन का गळू नये?

यावर एक जण मला म्हणाला होता, खारपाणपट्ट्यात माणसांच्या किडन्या जातात आणि तुम्ही पेनाचं रडगाणं लावता. टोमणा बरोबर बसला. किडनीसमोर पेन म्हणजे काहीच नाही, यावर वाद नाही. पण पाण्याचा धसका घेतलेला माणूस तेच पाणी दुसऱ्या कामाला बिनविचार वापरतो, एवढंच मी म्हणतोय. पेनाला लागतं दोन चमचे पाणी. दोन चमचे चांगलं पाणी वापरल्यानं कोणाच्या तोंडचा घोट जात नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात निकालात काढतो. रॉकेल आणि तेल: लोखंडी बिजागरीला ठीक. निबेला आणि जिभलीला तेलाचा हात लागला की शाई तिथून पळते, कारण शाई म्हणजे पाणी. मग "पेन बिघडला" म्हणून तोच माणूस तो पेन उन्हात ठेवतो. टूथपेस्ट आणि पॉलिश पेपर: दोन्हींत घासणारे कण. टूथपेस्टचे बारीक आणि पेपरचे दांडगे, एवढाच फरक. व्हिनेगर लोखंडाचा गंज काढतं, नाकारत नाही. पण पितळेतलं जस्त आधी खातं आणि मागे गुलाबी, भुसभुशीत तांबं ठेवतं. अॅल्युमिनियमचं टोपण असेल तर लिंबूही नको आणि धुण्याचा सोडाही नको. त्या धातूला आम्ल आणि अल्कली दोन्ही चावतात.

अमोनियाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो शहाण्यासुरत्या लोकांचा आवडता उपाय आहे. वाळलेली शाई अमोनियाच्या पातळ पाण्यानं सुटते हे खरं आहे. काच पुसायच्या काही फवाऱ्यांत तो असतो. पण पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे आणि ते आपल्याच देशात उघडकीला आलं. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात आपोआप तडकायची. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांत पडून राही. १९२१ मध्ये कारण सिद्ध झालं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पत्रा ओढून काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण. पेनाचं पितळी टोपणही ओढूनच घडवलेलं असतं. ते अमोनियात रात्रभर बुडवणाऱ्यानं पागेची आठवण ठेवावी.

मग करायचं काय, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, नुसती नाकं मुरडून भागत नाही. पहिली गोष्ट, हात लावण्याआधी बघा. रंग बरंच सांगतो. तांबूस-तपकिरी असेल तर लोखंड आहे: शाई भरायच्या नळीवरची दाबपट्टी, टोपणातली स्प्रिंग, स्वस्त क्लिप. पांढरी भुकटी म्हणजे जस्त किंवा अॅल्युमिनियम, नाहीतर नुसतं वाळलेलं मीठ. ओल्या फडक्यानं पुसून निघालं तर मीठ. काळी छटा चांदीवर येते आणि ती निरुपद्रवी आहे. हिरव्यात दोन जाती. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर पितळेवर असेल तर त्याला हात लावू नका, तो खालच्या धातूचं रक्षणच करतो. फिक्कट हिरवी, मऊ, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर सावध व्हा. तिथे क्लोराइड आत शिरलेलं आहे आणि ओल मिळाली की पुन्हा उगवतं. संग्रहालयांतले लोक याला ब्राँझचा रोग म्हणतात आणि मूर्तीला तो झाला की तिला कोरड्या कपाटात वेगळं ठेवतात.

धुण्यासाठी पाणी: डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं, ते. तेल्हाऱ्यात बॅटरीच्या कोणत्याही दुकानात कॅन मिळतो आणि एक कॅन पेनांना वर्षानुवर्षं पुरतो. ते नसेल तर आरओचं. तेही नको असेल तर पावसाचं. टिनाच्या छपरावरचा पहिला लोट सोडून नंतरचं धरावं. पाणी साधं, कोमट सुद्धा नको, कारण आपल्याकडच्या पुष्कळ पेनांची जिभली एबोनाइटची असते आणि गरम पाण्यानं एबोनाइटचा रंग उडतो. पाणी ओढा, सोडा, निळेपणा जाईपर्यंत. मग ही दुसरी पायरी, जी सगळे विसरतात: वाळवणं. निब खाली करून जुन्या सुती फडक्यावर रात्रभर, टोपण वेगळं, सावलीत. टोपणात त्याच फडक्याची सैल वात घालून फिरवा. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवायचं नाही. वाळेल लवकर, पण प्लास्टिक वाकेल.

सुटा झालेला गंज बांबूच्या काडीनं काढा. लोखंडाच्या सुईनं नको, तारेच्या घासणीनं तर नकोच. दाबपट्टीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकावर घेऊन लावता येतो, शाईच्या वाटेपासून लांब. क्लिपच्या मुळाशी स्वच्छ मेणाचा हलका हात द्या आणि पुसून घ्या. घाम थेट धातूला भिडत नाही. निबेवर टिपके पडले असतील तर ती बदला. खड्डा भरून निघत नाही आणि घासून सपाट केला तर निब पातळ होऊन कोलमडते. आणि पेन वापरायचा नसेल तर भरलेला ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये शाईतलं पाणी उडतं आणि मागे उरलेला चोथा पहिल्या शाईपेक्षा कितीतरी तीव्र असतो.

एवढा उपद्व्याप कशाला, फेकून द्या, दहा रुपयांत बॉलपेन येतो: हा शेवटचा आणि सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप. हिरो ६१६ चा साधा पेन असेल तर मी भांडणार नाही. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या पार्कर ५१ ची आठवण करून देणारा तो पेन आमच्या पिढीनं भक्तिभावानं वापरला. पण त्याची दाबपट्टी गंजली तर नवा पेन दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो, आणि त्यात भावनेचं राजकारण करण्यात अर्थ नाही. वडिलांचा, गुरुजींचा, पहिल्या पगाराचा पेन असेल तर तो ज्याचा त्यानं हिशेब करावा. माझं भांडण फेकणाऱ्याशी नाहीच. जपायचा म्हणून लिंबात बुडवणाऱ्याशी आहे.

त्यांतले काही आता म्हणतात की घासून मुलामा गेला तर गेला, दागिन्यांना सोन्याचं पाणी देणाऱ्याकडून पुन्हा चढवून घेऊ. चढवून मिळतो. पण मुळाशी हिरवी भुकटी तशीच ठेवून वर चढवलेलं सोनं फार टिकत नाही, आणि भुकटी पुरती काढायची तर क्लिप उपटावी लागते, जी जुन्या टोपणातून अखंड निघेलच याची खात्री कोणी कारागीर देत नाही. देत असेल तर त्याला आधी विचारावं, पेन कोणत्या पाण्यानं धुणार आहे.